लूर्देस पोर्तियो: माहितीपटकार की पत्रकार?

कोयनाकाठ

चिवावा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पर्समध्ये मावणारं कुत्रं येतं. हा धागा त्याच नावाच्या मेक्सिकन राज्यात जन्मलेल्या बाईंबद्दल आहे. लूर्देस पोर्तियो. जन्म १९४३, तेराव्या वर्षी घरच्यांबरोबर लॉस एंजेलिसला, कारकीर्द सॅन फ्रान्सिस्कोत, एप्रिल २०२४ मध्ये निधन.

मुद्दा त्यांच्या 'सेन्योरिता एक्स्त्राविआदा'चा (२००१, ७४ मिनिटं). अमेरिकेच्या सीमेला खेटून असलेल्या हुआरेस शहरात १९९३ पासून तरुण मुली नाहीशा होऊ लागल्या आणि वाळवंटात मृतदेह सापडू लागले. पोर्तियो तिथं जाऊन घरच्यांना, अधिकाऱ्यांना, जिवंत सुटलेल्या एका बाईला भेटतात. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २००२ मध्ये ज्यूरीचं विशेष पारितोषिकही मिळालं. पण चित्रपट संपतो तेव्हा गुन्हेगार कोण, हे कळत नाही.

माझं मत: सिनेमा म्हणून पहिल्या रांगेतला, शोधपत्रकारिता म्हणून अर्धवट. बातमीदाराने अशी कॉपी दिली असती तर 'मग मारलं कोणी?' असं विचारून डेस्कने परत पाठवली असती. हाणा.

सोळा_एमएम

अर्धवट कुठे? 'कोणी मारलं' हे सिद्ध करायला चित्रपट निघालेलाच नाही. 'पकडलेल्यांनीच खून केले, प्रकरण संपलं' हा सरकारी दावा टिकत नाही, एवढंच त्याला दाखवायचंय आणि ते तो पुरतं दाखवतो.

क्रम बघा. १९९५ मध्ये शरीफ नावाच्या इजिप्शियन रसायनतज्ज्ञाला अटक. मृतदेह सापडतच राहिले. १९९६ मध्ये 'लोस रेबेल्देस' नावाची टोळी उचलली. आता म्हणणं असं की शरीफच तुरुंगातून पैसे पाठवून खून करवतोय. तरी थांबेना. १९९९ मध्ये कारखान्यांच्या कामगारांना नेणाऱ्या बसचे चालक उचलले, पैसे देणारा पुन्हा शरीफच. गोष्ट तीच, फक्त पात्रं वाढत गेली. (एका खुनात शरीफला पुढे शिक्षा झाली, पण सगळ्यांचं खापर एका माणसावर फोडणं ही वेगळी गोष्ट.) पोर्तियो ही साखळी तारखेवार लावतात. घोषणा, मग मृतदेह, मग नवी घोषणा. तिसऱ्या फेरीला प्रेक्षकाला कोणी काही समजावून सांगावं लागत नाही.

बोरूबहाद्दर

+१. आणि कोयनाकाठ, 'मारलं कोणी' हे तर न्यायालयानेही सांगितलं नाही. चित्रपट पूर्ण झाल्यावर, नोव्हेंबर २००१ मध्ये हुआरेसमधल्या एका कापसाच्या शेतात आठ जणींचे मृतदेह सापडले. त्यातल्या तिघींचं प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेलं, निकाल १६ नोव्हेंबर २००९ चा. त्यात मेक्सिको देशाला जबाबदार धरलं ते तपास धड न केल्याबद्दल, घरच्यांची तक्रार हसण्यावारी नेल्याबद्दल. खुनी अमुक असं त्या निकालातही नाही. मग तोही अर्धवट का?

कोयनाकाठ

न्यायालयाकडे कागद होते, साक्षी होत्या, उलटतपासणी होती. चित्रपटाचा सगळ्यात जड भाग एका बाईच्या साक्षीवर उभा आहे. पोलिसांच्या ताब्यात असताना अत्याचार झाला आणि भयानक फोटो दाखवले गेले, असं ती सांगते. दुजोरा देणारा दुसरा साक्षीदार कुठाय?

तांबडा_दिवा

हा आक्षेप रास्त आहे. पण ती साक्ष चित्रपटात बसवलीय कशी ते बघा. सलग दिलेली नाही, तुकड्यातुकड्याने येते. आधी अटक कशी झाली तेवढंच. मग चित्रपट दुसरीकडे जातो आणि बऱ्याच वेळाने परत येऊन पुढचं ऐकवतो. मधल्या काळात आपण अधिकाऱ्यांची उत्तरं ऐकलेली असतात, त्यामुळे तिच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा हे आपलं आपण ठरवतो.

याचा तोटाही आहे. तुकडे पाडले की रहस्यकथेसारखी उत्कंठा तयार होते, आणि अत्याचाराच्या साक्षीला उत्कंठा चिकटली की ती स्वस्त होते. ते टाळायचं तर तुकडा वाक्य पूर्ण झाल्यावरच तोडायचा, पुढे काय याचा इशारा द्यायचा नाही आणि तुकड्याखाली ढोलासारखं संगीत वाजवायचं नाही. इथे तिन्ही पथ्यं बहुतांशी पाळलीत. संकलन व्हिव्हियन हिलग्रोव्ह यांचं. संगीतकार टॉड बोकलहाइड, हेच ते 'अमाडेउस'च्या ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालेले गृहस्थ. कुठे गप्प बसायचं ते त्यांना कळतं.

उंटावरचा_शहाणा

दुजोरा मिळेना म्हणून साक्षच गाळायची म्हटलं तर पोलीस कोठडीवर एकही बातमी छापून येणार नाही. तिथे दुसरा साक्षीदार पोलीसच असतो.

सई_ओकलंड

नावावर कोणी बोललं नाही अजून! 'एक्स्त्राविआदा'चं इंग्रजीत 'मिसिंग' केलंय. पण स्पॅनिश शब्दात दोन्ही अर्थ आहेत: हरवलेली आणि वाट चुकलेली. मराठीत 'वाट चुकलेली मुलगी' म्हटल्यावर शेजारीपाजारी जसं हसतात, तो टोमणा तिथेही आहे. मुली नाचायला जात होत्या, दुहेरी आयुष्य जगत होत्या, असं अधिकारी म्हणत. म्हणजे पोर्तियोंनी त्यांचाच शब्द उचलून शीर्षकाला लावला.

चित्रपटात एक अधिकारी चक्क रात्रीची संचारबंदी सुचवतो, म्हणजे भल्या घरच्या बायका घरात राहतील. आता हुआरेसचं अर्थकारण बघा. 'माकिलादोरा' म्हणजे बाहेरून सुटे भाग आणून, जोडून परत निर्यात करणारे कारखाने. १९६० च्या दशकात सुरू झाले, १ जानेवारी १९९४ ला नाफ्टा (अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार) लागू झाल्यावर आणखी फोफावले. कामावर बायका मोठ्या संख्येने, पाळ्या पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या, वस्त्या शहराच्या कडेला, रस्त्यावर दिवे नाहीत. संचारबंदी लावली तर पहिली पाळीच भरणार नाही! कापसाच्या शेतात सापडलेल्या मुलींपैकी एक कारखान्यात दोन मिनिटं उशिरा पोचली म्हणून तिला आत घेतलं नव्हतं. हे २००९ च्या निकालपत्रात आहे.

धोंडोपंत

उत्तम माहिती. पण सगळ्यांनी 'पोर्टिलो' म्हणायचं सोडून 'पोर्तियो' का चालवलंय?

सई_ओकलंड

मेक्सिकन स्पॅनिशमध्ये जोड-एलचा उच्चार य. तोर्तिया खाताना 'टॉर्टिला' म्हणणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा. :)

तांबडा_दिवा

अवांतर नको, मूळ मुद्द्यावर. हा चित्रपट प्रेत दाखवत नाही. सनसनाटी वृत्तपत्रांनी तेव्हा पहिल्या पानावर काय काय छापलं ते माहीत असेल तर हा निर्णय किती मोठा ते कळेल. त्याजागी काय दिसतं? बूट. घरच्यांवर पोरीची ओळख कपड्यांवरून, बुटांवरून पटवायची पाळी आलेली, त्यामुळे बुटांचा साधा जोडसुद्धा बघवत नाही. आणि खांबांवरचे क्रूस. ते घरच्यांनी स्वतः रंगवलेले. आधी खांबावर गुलाबी चौकोन, तो वाळला की त्यावर काळ्या रंगाने क्रूस. चौकोनाच्या कडा कुठेच सरळ नाहीत, रंगाचे ओघळ तसेच. कॅमेरा ते रंगवणं पूर्ण होईपर्यंत थांबतो. बातमीच्या कॅमेऱ्याने तयार क्रूस तीन सेकंद दाखवून काम भागवलं असतं.

सोळा_एमएम

थांबण्यावरून आठवलं, आधीच्या कामाबद्दलही बोलू. 'लास माद्रेस' (१९८५, सुसाना मुन्योस यांच्याबरोबर) हा अर्जेंटिनात लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या तरुणांच्या आयांवरचा चित्रपट, ऑस्करचं नामांकन मिळालेला. एप्रिल १९७७ मध्ये राजधानीतल्या प्लासा दे मायो या चौकात या आया पहिल्यांदा जमल्या. जमाव करून उभं राहायला बंदी, पोलीस 'चालत राहा' म्हणाले, तर त्या चौकातल्या स्मारकाभोवती चालत राहिल्या. पुढे दर गुरुवारी. डोक्यावरचा पांढरा रुमाल मुळात बाळाच्या लंगोटाचा.

आता त्या काळी १६ एमएम फिल्मवर अशा मुलाखती घेणं म्हणजे काय याचा हिशेब. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), फुटात ४० चौकटी, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. ४०० फुटी रीळ ११ मिनिटांत संपतं. एकास वीस प्रमाण (चित्रपटातल्या एका मिनिटासाठी वीस मिनिटं चित्रण) धरलं तर तासाभराच्या चित्रपटाला १२०० मिनिटं चित्रण, म्हणजे ४०० फुटांची १०८ रिळं. फिल्म, धुलाई, वर्कप्रिंट (संकलनासाठीची कच्ची प्रत), सगळ्याचा खर्च प्रत्येक फुटामागे. आई रडायला लागली आणि नेमकं दहावं मिनिट चालू असेल तर? जाणते लोक महत्त्वाचा प्रश्न नव्या रिळाच्या तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला विचारतात. दुसरं मॅगझिन (कॅमेऱ्याला लावायची फिल्मची पेटी) काळ्या पिशवीत हात घालून आधीच भरून ठेवायचं. आणि रीळ संपलं तरी नाग्रा या ध्वनिमुद्रकावरचा आवाज बंद करायचा नाही, कारण चित्र नसलं तरी बोलणं मिळतं आणि त्यावर नंतर फोटो किंवा हात लावता येतात. जुन्या माहितीपटांत बोलणाऱ्याच्या जागी अचानक हात किंवा खिडकी दिसली तर बऱ्याचदा कारण कलात्मक नसतं, फिल्म संपलेली असते.

धोंडोपंत

हे शेवटचं वाक्य चित्रपट रसग्रहण शिबिरात म्हणू नका, हाकलतील.

बोरूबहाद्दर

पोर्तियोंचा पाया कॅमेरा विभागातलाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'सिने मॅनिफेस्ट' या डाव्या गटात त्या कॅमेरा सहायक होत्या. पहिला चित्रपट 'देस्पुएस देल तेर्रेमोतो' (१९७९) नीना सेर्रानो यांच्याबरोबर, निकाराग्वातून आलेल्या निर्वासित बाईवर, आणि तो कथात्म आहे. म्हणजे सुरुवात बातमीदारीतून नाहीच. त्या मानाने मेक्सिकोतल्या मोंतेर्रेईचे दिएगो एन्रिके ओसोर्नो घ्या. ते आधी वार्ताहर, सिनालोआ कार्टेल या अमली पदार्थांच्या टोळीवर पुस्तक २००९ मध्ये, मग २०१२ मध्ये 'एल अल्काल्दे' या माहितीपटाचे सहदिग्दर्शक, मग २०१९ ची '१९९४' ही पाच भागांची मालिका. कोलोसियो या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा २३ मार्च १९९४ ला तिहुआनात खून झाला, त्यावर. त्यात माजी राष्ट्राध्यक्ष सालिनासही बोलतात आणि सापातिस्ता या बंडखोर गटाचे मार्कोसही. हे वार्ताहराचं कसब: विरुद्ध टोकांची माणसं एकाच कामात बोलती करायची. पोर्तियोंकडे असं नाही, पण त्यांना संशय बांधता येतो.

कोयनाकाठ

'संशय बांधता येतो' हे आवडलं. पण मग 'एल दियाब्लो नुन्का दुएर्मे'चं (१९९४) काय? चिवावात मामाच्या डोक्यात गोळी, बायको म्हणते आत्महत्या, नातेवाईक म्हणतात खून. तिथं तर त्या नातेवाईकच आहेत. हितसंबंध उघड आहे. कुठलंही वृत्तपत्र ही बातमी त्यांना देणार नाही.

उंटावरचा_शहाणा

मामा कशावरून? स्पॅनिशमध्ये 'तीओ' म्हणजे मामा, काका, मावशीचा नवरा, सगळं एकच. आडनाव पोर्तियो नाही, तेव्हा काका बाद, इतकंच.

सई_ओकलंड

आईच्या बाजूचे आहेत, मामा बरोबर. मराठी उपशीर्षकं करायची तर असला गुंता पावलोपावली. लॅटिन लिपीत ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा धरतात, दोन ओळी, पडद्यावर जास्तीत जास्त सहा-सात सेकंद. देवनागरीत अक्षर मोजायचं कसं इथूनच भांडण. जोडाक्षर आणि मात्रा कॉम्प्युटर वेगळ्या मोजतो, डोळा मोजत नाही. शिवाय दोन ओळींत अंतर कमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतात. अंतर वाढवावं तर बोलणाऱ्याची हनुवटी झाकली जाते. उपाय एकच: भाषांतर आखूड करा. चिवावातल्या आत्या-मावश्या एका दमात जितकं बोलतात त्याचं अर्धंच उपशीर्षकात मावतं.

तांबडा_दिवा

कोयनाकाठ, हितसंबंध उघड आहे हेच तर त्या चित्रपटाचं बळ. पहिल्या काही मिनिटांतच कळतं की दिग्दर्शिका तटस्थ नाही, आणि मग तिचा गॉगल, त्यात दिसणारी प्रतिबिंबं, खेळण्यातली घरं, मधूनच टीव्हीवरच्या मालिकांचे तुकडे, सगळं तुम्हाला सांगत राहतं की ही बाई रचतेय, सावध बघा. खरी धोक्याची जागा फोनची आहे. विधवा कॅमेऱ्यासमोर येत नाही, तिचं फोनवरचं बोलणं ऐकू येतं. फोन ध्वनिमुद्रित करणाऱ्याने आधी कायदा बघावा. कॅलिफोर्नियात खाजगी बोलणं टेप करायला सगळ्या बाजूंची संमती लागते, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत एका बाजूची पुरते. आणि संमती घ्यायची ती टेपवरच, सुरुवातीला, तारीख-वेळ बोलून. नंतर कागदावर घेतली तर 'कशाला दिली' यावरून वाद होतो.

सोळा_एमएम

संमतीवरून मेक्सिकोतलंच मोठं प्रकरण: 'प्रेसुन्तो कुल्पाब्ले' हा माहितीपट, रोबेर्तो एर्नान्देस आणि जेफ्री स्मिथ यांचा. एर्नान्देस स्वतः वकील. खुनात अडकवलेल्या तरुणाचा फेरखटला त्यांनी कॅमेऱ्यात पकडला. न्यायाधीशाने पुन्हा शिक्षाच दिली, पण अपिलात सुटका झाली आणि त्यात त्या चित्रणाचा मोठा वाटा होता. २०११ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला आणि पुढच्याच महिन्यात त्यात दिसणाऱ्या साक्षीदाराने 'माझी परवानगी नव्हती' म्हणून न्यायालयातून प्रदर्शन थांबवायचा आदेश आणला. काही दिवसांत तो उठला. तोवर फुटपाथवर चोरट्या डीव्हीडी आल्याच होत्या. सुनावणी खुली असते म्हणून चित्रणाला हरकत नाही, इथवर ठीक. पण तो चेहरा तिकीट लावून दाखवायचा हक्क त्यातून आपोआप मिळतो का, यावर पुढे वर्षानुवर्षं खटले चालले.

बोरूबहाद्दर

म्हणूनच एव्हेरार्दो गोन्सालेस यांनी 'ला लिबेर्ताद देल दियाब्लो'त (२०१७) चेहरेच झाकले. बेपत्ता झालेल्यांच्या घरचे, मारेकरी, सैनिक, सगळ्यांना तोच त्वचेच्या रंगाचा ताणून बसणारा मुखवटा, भाजलेल्यांना देतात तसला. डोळे, नाकपुड्या आणि तोंडाला भोकं. बोलता बोलता माणूस रडला की डोळ्यांखालचं कापड ओलं होऊन गडद होत जातं. दुसरं काही दिसत नसल्याने नजर तिथेच खिळते.

तांबडा_दिवा

चेहरा पुसट करण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. पुसट करताना एखाद-दुसरी चौकट सुटते, चष्म्यात किंवा मागच्या कपाटाच्या काचेत चेहरा उमटलेला असतो, आणि मूळ फाइल कुठेतरी पडून राहते. मुखवट्यात मूळ फाइललाच चेहरा नाही. पण आवाज? नुसता जाड-बारीक केलेला आवाज उलट फिरवून मूळ मिळवता येतो. जिथं जिवावर बेतेल तिथं तेच शब्द दुसऱ्याकडून वाचून घ्यावेत आणि तसं पडद्यावर सांगावं. हात, अंगठ्या, गोंदण आणि खिडकीबाहेरचं पाण्याचं टाकं हेही तपासायचं. माणसं बहुधा असल्याच गोष्टींवरून ओळखली जातात.

धोंडोपंत

ही सगळी चर्चा वाचून एक भाबडा प्रश्न. बघायचं कुठून सुरू करू? आणि मिळतात कुठे?

सई_ओकलंड

वितरण 'विमेन मेक मूव्हीज'कडे आहे, न्यूयॉर्कची संस्था. आधी 'एल दियाब्लो', म्हणजे बाईंचा तिरकसपणा कळेल. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत हाच घेतला. मग 'सेन्योरिता'. 'लास माद्रेस' त्यानंतर. 'अल मास अल्या' (२००८) शेवटी. त्यात समुद्रात कोकेनची पुडकी सापडलेल्या कोळ्यांची गोष्ट शोधणारी माहितीपटकार दाखवलीय, ती भूमिका ओफेलिया मेदिना या नटीने केलीय. आधीचे बघितले नसतील तर ती थट्टा स्वतःचीच आहे हे लक्षात येत नाही.

कोयनाकाठ

धागा मीच काढला, तेव्हा थोडी माघार. 'अर्धवट' मागे घेतो. २००९ च्या निकालाचा मुद्दा मला सुचला नव्हता. पण एकट्या साक्षीचं अजून पटलेलं नाही. निदान कोठडीची नोंद, वैद्यकीय तपासणी झाली की नाही झाली, एवढं एका वाक्यात निवेदनात यायला हवं होतं. 'कागद मागितले, मिळाले नाहीत' हेही बातमीत छापतातच की.

सोळा_एमएम

हे मान्य. ते वाक्य चार सेकंदांचं झालं असतं आणि फिल्मवर म्हटलं तरी अडीच फूट.

उंटावरचा_शहाणा

४०० फुटी रिळात सहज मावलं असतं मग.